मलाही आहेत, ताई

"बोट आण इकडे," ताई म्हणाली.

मी डावा हात टेबलावर ठेवला. तिने करंगळीशेजारचं बोट चिमटीत धरलं, टोकाला सुई टेकवली आणि बटण दाबलं. रक्ताचा थेंब वर आला तशी तिने त्याला यंत्राची पट्टी लावली. मग आम्ही दोघं त्या काडेपेटीएवढ्या यंत्राकडे बघत बसलो. आकडा यायला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत ताई श्वास घ्यायची नाही.

"एक पॉइंट चार!" ती म्हणाली. "बघ, बारक्या. माझा पॉइंट आठच आलाय. तुझं शरीर किती पटकन ऐकतं."

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. लिफ्ट दुरुस्त करतो. हाताखाली चार माणसं आहेत, मुलगी कॉलेजात जाते, आणि ताई मला बारक्या म्हणते. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी तिच्या दोन खोल्यांत जायचो आणि तिथेच नाश्ता करायचो. तीन अंडी लोण्यात परतलेली, त्यावर चीज, बाजूला काकडी. तिच्या ताटलीत दोनच अंडी आणि चीज नाही, कारण तिच्या रक्ताला ते चालत नव्हतं. पाव, बटाटा, भात, साखर आणि फळं वर्षभरापासून दोघांनाही बंद होती. शरीराला साखर मिळाली नाही की ते चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन दिसू लागतात. ते दिसतात की नाही, हे बघायला ती रोजची सुई.

हे सगळं माझ्या किडनीतल्या गाठींसाठी चाललं होतं.

माझ्या किडनीत एकही गाठ नव्हती.

आमच्या आईला हा आजार होता. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी होतात आणि वर्षं जातील तशा फुगत जातात. शेवटी किडनी थोडी आणि गाठीच जास्त. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई एकोणीसची. तिने शिक्षण सोडलं, एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायच्या कामाला लागली आणि मला वाढवलं. पुढे तिला नवराही होता, तीन वर्षं. मग नव्हता. त्याच्याविषयी ती एवढंच सांगते.

चौतिसाव्या वर्षी तिच्या किडनीत गाठी सापडल्या. पन्नाशीपर्यंत तिचं पोट सहा महिन्यांच्या गरोदर बाईसारखं दिसायला लागलं. बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे. एकीने तर विचारलंच, कितवा महिना? "जुळं आहे," ताई म्हणाली. "दोघंही हट्टी. बाहेर यायचं नावच घेत नाहीत." आणि खुशाल बसली. घरी येऊन हे सांगताना ती इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. दोन्ही हातांनी.

मी कधी तपासून घेतलं नव्हतं. त्रास नाही तर कशाला, म्हणायचो.

दीड वर्षापूर्वी तिच्या डॉक्टरांनी सांगितलं की किडन्या जेमतेम वीस टक्के चालताहेत, घरातलं कुणी एक किडनी देणार असेल तर आत्तापासून बघा. ताईने हे आम्हाला आमच्या जेवणाच्या टेबलावर सांगितलं, भाजी वाढून घेता घेता, जसं काही तिच्या घरचा पंखा बिघडलाय.

"मी देणार," मी ताडकन म्हणालो. "त्यात विचार काय करायचा?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. मुलीचे डोळे भरून आले. ताई म्हणाली, "आधी जेव. अन्न गार होतंय." पण ताटात भाजी होती तरी तिने आणखी एक डाव वाढून घेतला, ते मी पाहिलं. त्या क्षणी मला स्वतःविषयी जे वाटलं ते त्यानंतर पुन्हा कधी वाटलेलं नाही.

तपासण्या तीन महिने चालल्या. रक्तगट जुळला. बाकीचंही सगळं जुळलं. किडन्या स्वच्छ निघाल्या. इस्पितळात किडनी देणाऱ्यांचं सगळं बघणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी माझी फाईल मिटली आणि हसून म्हणाल्या, "अभिनंदन. बहिणीचं नशीब चांगलं आहे."

मी तीस-तीस मजल्यांच्या पोकळीत दोराला लटकून काम केलेला माणूस आहे. खाली बघून मला कधी गरगरलं नाही. पण बाईंच्या मागे भिंतीवर एक चित्र होतं, माणसाला कुठे आणि किती कापतात त्याचं. ते बघता बघता मला आई दिसली. खाटेवर पडलेली, नाकात नळी, आणि मी दाराशी. सगळे मला आत बोलवत होते आणि मी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभा होतो. मी आत गेलो नाही. ती गेली तरी गेलो नाही.

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. बाईंना ते कळलं असावं.

"मनात नसेल तर आत्ताच सांगा," त्या हलकेच म्हणाल्या. "त्यात काही पाप नाही. आम्ही पेशंटला फक्त 'त्यांची किडनी घेता येणार नाही' एवढंच कळवतो. कारण कुणालाही सांगत नाही."

इतक्या सभ्यपणे कुणी मला सुटकेची वाट दाखवली नव्हती. मी घेतली.

ताई खाली बाकावर बसली होती, मांडीवर पर्स धरून. मी तिला म्हणालो, "नाही जमणार म्हणताहेत." एवढं पुरेसं होतं. बाईंनी तेवढंच शिकवलं होतं. पण ताईने मान वर केली आणि विचारलं, "का रे?"

माझं तोंड म्हणालं, "मलाही आहेत, ताई. गाठी."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. नंतर पुष्कळदा विचार केला तेव्हा कळलं, की 'जमणार नाही' म्हटल्यावर आज ना उद्या कुणीतरी का म्हणून विचारणारच. आजारी माणसाला कुणी काही विचारत नाही. भित्रा माणूस खोटं बोलतानाही भक्कम भिंत बघूनच पाठ टेकतो.

ताईने पर्स खाली ठेवली, उभी राहिली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, मी शाळेत मार खाऊन आल्यावर धरायची तसा. स्वतःच्या किडनीसाठी ती एक क्षणही हळहळली नाही. "तुला कशाला दिलं रे आईने," ती म्हणाली. "मला एकटीला पुरलं असतं."

मी घरी पोचेपर्यंत तिने बायकोला फोन करून सगळं सांगितलं होतं. तोवर मला वाटत होतं की हे माझ्या आणि ताईच्या मधलं खोटं आहे. दार उघडलं तर बायको स्वयंपाकघरात नळ सोडून उभी होती, रडण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मुलगी सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मुलीचा विचार माझ्या मनातसुद्धा आला नव्हता. मला आजार म्हणजे तिलाही निम्मी शक्यता, हे साधं गणित मी त्या बाकापाशी केलंच नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला नाही तपासून घ्यायचं. आत्ता तरी नको. मला आहे असं कळलं तर मी तुझ्यासारखी शांत नाही राहू शकणार."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

ह्या कीटो आहाराचं ताईला इस्पितळातच कळलं. तिथल्या आहाराच्या बाई दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होत्या, ते तिने ऐकलं. मग ती थेट तिच्या डॉक्टरांकडे गेली. त्या दिवशी तिची तपासणी होती म्हणून मीच तिला घेऊन गेलो होतो.

"त्या गाठी साखरेवर पोसतात, असा एक अंदाज आहे," म्हातारे डॉक्टर म्हणाले. "उंदरांत दिसलंय तसं. माणसांवर छोटे छोटे अभ्यास झालेत. आशा वाटावी इतपत आहे, खात्री द्यावी इतपत नाही. आणि तेही ज्यांच्या किडन्या अजून बऱ्या आहेत अशांसाठी. तुम्हाला उशीर झालाय."

"मी माझ्यासाठी विचारतच नाहीये," ताई म्हणाली. "ह्याच्यासाठी विचारतेय. ह्याचं आत्ताच कळलंय."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुमचे रिपोर्ट?"

"मी कामाजवळच्या डॉक्टरांना दाखवतो," मी म्हणालो.

"मग त्यांना विचारून करा. रक्त तपासत राहा. आपल्या मनाने करायची गोष्ट नाही ही."

"हो," मी म्हणालो. कामाजवळ कुणी डॉक्टर नव्हता. एक सायकलवाला होता.

ताईने स्वतःसाठीही आहाराचा तक्ता मागून घेतला. डॉक्टर आधी नको म्हणाले, मग तिच्या हट्टापुढे दर महिन्याला रक्त तपासायच्या अटीवर कबूल झाले. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "तुला उपयोग नाही म्हणताहेत, तर तू कशाला मन मारतेस?"

"एकट्याने कोण खाईल असलं?" ती म्हणाली. "तू दोन दिवसांत सोडशील. मी ओळखते तुला."

तिला पाव फार आवडायचा. दुकानातून येताना ताजा पाव घ्यायचा आणि घरी पोचेपर्यंत त्याचं टोक खाऊन संपवायचं, ही तिची जन्माची सवय. ती तिने एका दिवसात सोडली.

पहिला महिना मी चोरून खाल्लं. लिफ्टच्या मशीनरूममध्ये हाताखालच्या पोरांबरोबर जॅम लावलेला पाव, कुणाच्या वाढदिवसाचा केक. पोरांना माझा डबा माहीत झाला होता. "साहेब," एक जण म्हणाला, "तुम्हाला रोज एवढं वंगण लागतं, आमच्या लिफ्टलासुद्धा लागत नाही." सगळे हसले. मीही हसलो आणि आणखी एक पाव घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रात पॉइंट एक आला.

ताई स्टुलावर बसली. "काल तुझ्या डब्यातल्या भाजीत कांदा जास्त झाला," ती म्हणाली. "मीच घातला. मला वाटलंच होतं." तिने आहाराच्या बाईंना फोन लावला आणि कांदा किती घातला होता, कसा चिरला होता, ते सांगत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "माझ्या हातून तुझं नुकसान व्हायला नको रे."

त्यानंतर मी कधी चोरून खाल्लं नाही. अकरा महिने एक घास नाही. चौदा किलो उतरलो. लोक म्हणायचे, काय तब्येत केलीय. आरशात बघितलं की मला सडपातळ, निरोगी, पस्तिशीतला वाटावा असा माणूस दिसायचा आणि मी नजर काढून घ्यायचो. ताईचं मात्र पोट तेवढंच होतं आणि हातपाय काटकुळे झाले होते. चेहरा मातकट. जिने चढताना ती मजल्यामजल्यावर थांबायची आणि जिन्याच्या भिंतीवरचा रंग कसा उडालाय, यावर काहीतरी बोलायची, म्हणजे थांबली आहे असं वाटू नये.

वर्ष झालं तेव्हा तिच्या किडन्या दहा टक्क्यांवर आल्या. डायलिसिसची तयारी म्हणून तिच्या हातावर छोटं ऑपरेशन करून झालं होतं. डॉक्टरांना तिच्या पोटाचा नवा स्कॅन हवा होता. तिने तिच्या नंबराबरोबर माझाही लावून घेतला.

"वर्ष झालं ना," ती म्हणाली. "आता बघूच या. माझ्यासमोर."

मी कामाचं कारण सांगितलं. तिने माझ्या साहेबांना फोन करून रजा मागितली. मग मला वाटलं, रिपोर्ट पाकिटात मिळतो, पाकीट माझ्या हातात येईल, पुढचं पुढे. वर्षभर मी 'पुढचं पुढे' याच्यावरच काढली होती.

स्कॅनच्या खोलीबाहेर खुर्च्यांच्या तीन रांगा होत्या. दहाबारा माणसं बसली होती, बहुतेक किडनीचीच. ताई सगळ्यांना ओळखायची. शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर होते. त्यांनाही हाच आजार. ते दीड वर्ष डायलिसिसवर होते आणि त्यांच्या हातावरची शीर अंगठ्याएवढी जाड झाली होती.

माझा नंबर आधी लागला. तरुण डॉक्टर होता, घाईत. पोटावर थंड जेल लावून तो दोन्ही बाजूंनी बघत राहिला, मग पुन्हा पहिल्या बाजूने. मी शर्ट खोचत बाहेर आलो तर तो माझ्यामागून दारापर्यंत आला.

"अहो, तुम्हाला गाठी आहेत असं सांगितलं कुणी?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. "एकही नाहीये. दोन्ही किडन्या एकदम क्लीन."

ताई उठून उभी राहिली. "एकही नाही?"

"नाही."

"डॉक्टर, आमचा वर्षभर कीटो आहार चालू आहे. दोघांचा."

"हो का? तब्येत छान ठेवलीय," असं म्हणून तो हसला. आतून कुणीतरी हाक मारली आणि दार बंद झालं.

ताईने माझा दंड धरला. तिची बोटं रुतत होती. "गेल्या," ती म्हणाली. "बारक्या, गेल्या रे. सगळ्या." मग ती त्या तीन रांगांकडे वळली. चष्म्याच्या दुकानात पस्तीसेक वर्षं हळू बोलायची सवय झालेली माझी बहीण मोठ्याने म्हणाली, "माझ्या भावाच्या गाठी गेल्या! एका वर्षात! औषध नाही, काही नाही, फक्त खाण्याने!"

लोक उठून आमच्याभोवती जमले. काय खाल्लं, किती खाल्लं, लोणी का तेल, अंडी रोज का? ताई सांगत होती. तिच्या मातकट चेहऱ्यावर रंग आला होता. ड्रायव्हरांनी त्यांची फाईल उलटी करून तिच्यापुढे धरली आणि ती त्यावर तक्ता लिहायला लागली, सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटत होतं की हे आपोआप थांबेल. डॉक्टर बाहेर येईल, ताईचा नंबर पुकारतील, काहीतरी होईल.

ड्रायव्हरांनी फाईल डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "मग मी असं करतो," ते म्हणाले, "उद्याची मशीनची पाळी सोडतो. ह्या महिन्याच्या सगळ्याच सोडतो. हे खाऊन बघतो. तसंही मशीनवरून उठलं की जीव जातो माझा."

ताई क्षणभर थांबली. मग आनंदाच्या भरात म्हणाली, "ह्याला विचारा ना. हाच सांगेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पाळी सोडू नका," मी म्हणालो. "मराल."

"पण तुमच्या तर गेल्या."

"मला नव्हत्याच." माझा आवाज इतका बारीक निघाला की मागच्या रांगेतल्या बाईने "काय म्हणाले?" असं विचारलं. मग मला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. "मला गाठी कधीच नव्हत्या. मी खोटं बोललो होतो. किडनी द्यायला लागू नये म्हणून."

ड्रायव्हर माझ्याकडे बघत होते, रागाने नाही. रस्त्यात पडलेल्या माणसाकडे बघतात तसे. एक बाई आपल्या जागेवर जाऊन बसली आणि मग हळूहळू सगळेच बसले. मी ताईकडे बघू शकलो नाही. तिचे पाय दिसत होते, सुजलेले. ते हलले आणि ड्रायव्हरांकडे गेले.

"आणा ती फाईल," ती म्हणाली.

तिने स्वतःच लिहिलेल्या ओळींवर एकेक करून काट मारली, नीट, भिंगावर रेघ ओढावी तशी. "उद्या मशीनवर जा, दादा," ती म्हणाली. "जाणार ना? मला कबूल करा." त्यांनी मान हलवली. मग ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"पोरीला सांगितलंस?"

"नाही."

"तिला वर्षभर असंच ठेवलंस?"

तिने माझ्या खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला.

"फोन कर. आत्ता. माझ्यासमोर."

मी फोन लावला. मुलगी वर्गाबाहेर आली होती, मागे पोरांचा गोंगाट ऐकू येत होता. मी सांगितलं. मागचा गोंगाट कमी होत गेला, ती चालत लांब गेली असावी. मग म्हणाली, "म्हणजे मला होणार नाही?" "नाही." "कधीच?" "कधीच नाही." तिने मोठा श्वास सोडला आणि एकदम विचारलं, "आणि आत्याला कळलं?" मी हो म्हटल्यावर तिने फोन ठेवला.

तेवढ्यात ताईचा नंबर पुकारला. पर्स माझ्याजवळ न देता ती तशीच घेऊन आत गेली.

त्यानंतर माझ्या घरी जे व्हायचं ते झालं. बायको भांडली नाही. वर्षभर रोज संध्याकाळी तिने माझ्यासाठी वेगळं शिजवलं होतं, तिला न आवडणारे वास सहन करत. तिने एवढंच विचारलं, "मी किडनी देऊ नको म्हणाले असते असं वाटलं का तुला? मी तर काहीच म्हणाले नव्हते." मुलगी ताईकडे राहायला गेली. परीक्षा जवळ आलीय, तिकडे शांतता असते, असं म्हणाली.

मी पुन्हा त्या किडनी देणाऱ्यांच्या बाईंकडे गेलो. त्यांनी ओळखलं, काही विचारलं नाही, नवा फॉर्म दिला. तो भरून मी ताईच्या दुकानात गेलो. ती मागच्या खोलीत चाकावर भिंग घासत होती.

"मी फॉर्म भरलाय," मी म्हणालो. "ह्या वेळी नक्की."

चाक फिरत राहिलं. "भीती गेली?"

"नाही."

"मग?"

"लाज वाटते, ताई. मला जगवत नाही असं."

तिने चाक बंद केलं, भिंग पुसलं, उजेडात धरून एक डोळा मिटून बघितलं. "लाजेपायी काढून दिलेली किडनी मी कुठे ठेवू, बारक्या?" ती म्हणाली. "जन्मभर तिला पोटात घेऊन फिरायचं. आणि ती तिथे मान खाली घालून बसणार. नको. माझं नाव यादीत लागलंय. मिळेल तेव्हा मिळेल."

"ताई, मी..."

"भीती वाटते म्हणाला असतास तर मी तिथल्या तिथे विषय मिटवला असता. मला नसती वाटली का भीती? पण तू मला तुझ्यासाठी रडवलंस. वर्षभर." तिने भिंग पुन्हा चाकाला लावलं. "जा आता. बाहेर गिऱ्हाईक उभं आहे."

तीन आठवड्यांनी तिचं डायलिसिस सुरू झालं. पहिल्या दिवशी मुलगी बरोबर जाणार होती, पण तिचा पेपर होता. ताईने मला स्वतः फोन केला नाही; मुलीने केला. "साडेनऊला खाली थांब," एवढंच म्हणाली. मी नऊला जाऊन थांबलो. वाटेत ताईने बसची खिडकी उघडायला सांगितली, मी उघडली.

डायलिसिसच्या खोलीच्या दाराशी एक नर्स फॉर्म घेऊन उभी होती.

"आजार घरात कुणाला?"

"आईला होता," ताई म्हणाली.

"भावंडं?"

"एक भाऊ."

"त्यांना आहे?"

"नाही," ताई म्हणाली. "त्याला काही नाही. तो चांगला आहे."

नर्सने लिहून घेतलं. मग म्हणाली, चपला आत चालत नाहीत, चार तास लागतील, सोबतच्यांनी बाहेर बसायचं. ताईने दाराची चौकट धरून एकेक पाय वर घेतला आणि चपला काढल्या. सुजेमुळे पट्ट्यांचे वळ पायांवर उमटले होते. मी वाकून चपला उचलल्या. तिने उचलू दिल्या. मग ती अनवाणी आत गेली आणि दार मिटलं.

बाहेर बरीच गर्दी होती. मी शेजारच्या खुर्चीवर चपला ठेवून बसलो. थोड्या वेळाने एक म्हातारी बाई काठी टेकत आली आणि तिने विचारलं, "इथे कुणी आहे का?"

"नाही, बसा," मी म्हणालो, आणि चपला उचलून मांडीवर घेतल्या.